दुधाला जागणं

"माझ्या दुधाला जागायचं असेल, तर काकूची पायरी चढू नकोस." जावेशी भांडण झालं तेव्हा आईनं मुलाला बजावलं होतं. वीस वर्षं तो दुधाला जागला.

आता त्याचं तीन दिवसांचं बाळ भुकेनं कळवळत होतं. बायकोच्या स्तनांची बोंडं आत वळलेली. बाळाच्या ओठांना काही सापडेना. नर्सनं टोक कापलेली सिरिंज लावून बोंडं हलकेच बाहेर ओढली. "असतात हो कितीजणींची अशी. धर आता, लबाडा!" बाळानं धरलं.

त्याची आई खोलीतून बाहेर त्याच्याजवळ आली.

"प्यायलं?"

"प्यायलं." ती त्याच्या शेजारी टेकली. "माझीही तिच्यासारखीच होती रे. एवढं भांडण झालं, तरी तुझ्या काकूनं कधी ब्र काढला नाही. तुला तिनं पाजलंय."