चुलीमागं एक लाकूड

"सर, अकराची बोट गेली तर पुढची साडेबाराला," मृणाली चौथ्यांदा म्हणाली. "मग अलिबागला तीनच्या आत पोचणार कोण?"

दिनानाथ सर ऐकत नव्हते. तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस. घाई त्यांच्या गावीही नव्हती. ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरसमोर मृणाली, तिच्या मानेमागे सर, आणि दारात गावकीचे पुढारी अंबाजी, चपला घालून तयार.

नव्या जेट्टीचा रस्ता गावाच्या मासळी वाळवायच्या खळ्यांवरून जाणार होता. अलिबागच्या कचेरीत हरकत नोंदवायची आज शेवटची तारीख. बदल्यात घरटी एक नवी जागा मिळेल असं कागदात होतं, म्हणून कोणाचं काय जातंय त्याची घरवार यादी जोडायची होती. तीही इंग्रजीत, कारण वाचणारी समिती दिल्लीची.

"इथे नुसता कॉमा कसा दिलास?" सरांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "दोन पूर्ण वाक्यं आहेत. एवढ्याशा कॉमाच्या खांद्यावर दोन धडधाकट वाक्यं बसवलीस, मोडेल बिचारा. पूर्णविराम दे, नाहीतर सेमीकोलन."

"मोबाईलला सांगितलं असतं ना सर, तर त्याने दोन मिनिटांत सगळं नीट करून दिलं असतं."

"कोणाचं खळं कुठे आहे ते त्याला माहीत आहे?"

मृणालीने पूर्णविराम दिला. पाय मात्र टेबलाखाली नाचत होता. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजून गेले होते.

यादी आली तसे सर आणखीच हळू झाले. "आता लक्ष दे. एका घरातल्या वस्तूंमध्ये कॉमा. घर संपलं की सेमीकोलन. नाहीतर यादीतल्या नुरुद्दीनची होडी शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसेल, आणि दिल्लीहून ती सोडवायला कोण येणार?"

"अंबाजी, एक होडी, एक खळं, बोंबील वाळवायच्या चार वलांड्या, कॉमा," मृणाली भराभर वाचू लागली. "रंगू, एक खळं, दोन वलांड्या, सेमीकोलन..."

बाहेर पायरीवर बसलेली रंगू उठून आत आली. अंबाजींच्या वारलेल्या धाकट्या भावाची ती बायको. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण सर काय बोलले ते तिने नीट ऐकलं होतं.

"सर, दादांच्या आन माझ्या मधी काय घातलंय?"

"कॉमा," सर म्हणाले. मग घाईघाईने, "अंबाजींनी सांगितली तशी यादी लिहिली मी."

"मंजे मी त्यांच्या घरातली वस्तू."

मृणालीचा पाय थांबला.

"एकच घर हाय ते," अंबाजी दारातून म्हणाले. "धाकट्याच्या मागं मी कुनाला वेगळं काढलं न्हाय. माझ्या जागेत तुझी जागा. मी काय तुला हाकलनार हाय?"

"तुमी न्हाय हाकलनार, दादा. तुमच्या मागं तुमची पोरं?"

अंबाजींना ते लागलं. "सर, बोट जाईल. हाय तसं छापा."

इतका वेळ एकेका कॉमासाठी भांडणारे सर आता चष्मा पुसत बसले. गावकीच्या भानगडीत तोंड घालायची त्यांची छाती होईना, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती.

रंगूने पदर खोचला. "शिमग्याला गाव चुलीमागं एक लाकूड घेतं. घरामागं न्हाय, चुलीमागं. बरोबर ना, दादा?"

"व्हय."

"चार वर्सं माझ्या दारातनं वेगळं लाकूड जातं. कोन न्हेतं ते?"

 दारोदार जाऊन लाकडाला पहिला हात लावायचा मान अंबाजींचाच होता.

"होळीला माझी चूल वेगळी, आन जागा मिळायच्या टायमाला एक? छापा मंग तसंच. पन येत्या शिमग्याला माझ्या दारात येव नका. लाकूड मिळायचं न्हाय."

एका जरी चुलीचं लाकूड आलं नाही तरी गावात होळी पेटत नाही. हे दर वर्षी सगळ्यांना बजावून सांगणारेही अंबाजीच.

खाडीवरून बोटीचा भोंगा आला. अंबाजींनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा भावजयीकडे.

"घाल बाय, ते सरांचं काय असंल ते," ते मृणालीला म्हणाले.

मृणालीने एक कळ दाबली. प्रिंटर खरखरला.

कोमट कागद रंगूने दोन्ही हातांत धरला. मृणालीने बोट ठेवून जागा दाखवली. रंगूने कागद डोळ्यांजवळ नेला.

"ह्यो? वर डोळा, खाली शेपूट. जाळ्यातला जवळा हाय की," ती म्हणाली. "येवढुसाच?"

"एवढाच," सर म्हणाले. तिच्याकडे बघणं त्यांना जड जात होतं.

कागद तिने कोणाला परत दिला नाही. सगळ्यांच्या सह्यांबरोबर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी छातीशी धरली आणि जुन्या जेट्टीची वाट धरली. मागून अंबाजी निघाले. 

तिकिटाच्या खिडकीत अंबाजींनी सवयीने हात घातला. "दोन..." म्हणता म्हणता थांबले.

"एक दे," ते म्हणाले, आणि रंगूला खिडकी मोकळी करून देत बाजूला उभे राहिले.