दसऱ्याला पुजलेला कागद

कुशाबांचे पुत्र महिपतराव, महिपतरावांचे रावजी, आणि रावजींचे चिरंजीव आमच्या तुडील गावचे सयाजीराव. पूर्वजाला पराक्रमाबद्दल जमीन इनाम मिळाल्याचा मोडी कागद त्यांच्या घरी दर दसऱ्याला पुजला जाई. वाचता मात्र घरात कोणालाच येत नसे. १९६२ साली माझ्याच सांगण्यावरून त्यांनी तो मुंबईच्या सरकारी दप्तरखान्याला दिला. तेथे तो वाचून दाखवला जाणार होता, त्या इतिहासाच्या जाहीर व्याख्यानाला त्यांनी मला, शेजारच्या काकीला, आणि लेकीच्या होणाऱ्या सासऱ्यांना मोठ्या मानाने नेले, कारण घराण्याची खात्री पटल्याखेरीज सुपारी फोडणार नाही, असे व्याह्यांनी बजावले होते.

"सायेब, जरा मोठ्यानं वाचा. आमच्या व्याह्यांना ऐकू दे!" सयाजीराव पहिल्या रांगेतून म्हणाले.

व्याख्यात्यांनी वाचले, "आमचे फौजेस गडाची चोरवाट दाखविली, सबब जमीन इनाम दिली." मग ते हळूच म्हणाले, "खाली शिक्का शत्रूच्या सरदाराचा आहे."

व्याही उठले. "फितुराची लेक आमच्या उंबऱ्यात नको."

सयाजीराव माझ्याकडे वळले. "काकी, तुमी तरी बोला! माझ्या पोरीचा यात काय दोष हाय?"



"दोष माझ्या लेकीचा, आवडीचाही नव्हता, सयाजी," मी म्हणाले. " तुझ्या भावाशी ठरलेलं तिचं लग्न तू हलकं कूळ म्हणून मोडलंस, त्याच दसऱ्याला तुझ्या देवघरात मी हा कागद वाचला होता. मोडी येते मला. तुझं देणं राहिलं होतं, ते आज पुरतं फेडलं."