सत्ताविसावा रोजा

“चाचा, तारीख मागच्यासारखीच ठेवा हं. बदललीत तर वकील ओरडेल,” माहनूर म्हणाली.

नूरुद्दीनने मान डोलावली. आखातातल्या रोल्ला भागात एका टायपिंग सेंटरमध्ये तो अठ्ठावीस वर्षं उर्दू कागदांचं इंग्रजी करत आला होता. माहनूरच्या नवऱ्याचे, वासिफचे कागदही पाच वर्षं तोच करत होता. वासिफ ऑस्ट्रेलियात अडकलेला. पाकिस्तानात परत गेलो तर मला मारतील, मला इथे आसरा द्या, एवढंच त्याचं मागणं. व्हिसा नाकारला. अपील केलं, फेटाळलं. कोर्टात गेला, मग वरच्या कोर्टात. चारदा नकार! आता शेवटच्या अर्जाची मुदत उद्या संपत होती. त्यानंतर थेट विमानात बसवणार.

आणि अडलं कशावर, तर एका तारखेवर. मशिदीच्या दारात गोळीबार झाला, धाकट्या भावाने माझ्या मांडीवर जीव सोडला, असं वासिफचं म्हणणं. पोलिसांच्या कागदावर मात्र गोळीबार होता त्याच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशीचा. सख्ख्या भावाच्या मरणाचा दिवस कोण चुकतो? म्हणजे माणूस खोटारडा, खलास! वरच्या कोर्टांनी तर हातच वर केले. खरंखोटं तपासणं आमचं काम नाही, म्हणाली. नियमाने झालं की नाही, तेवढंच आम्ही बघतो.

नूरुद्दीनने वासिफचा मूळ उर्दू जबाब समोर घेतला. तेवढ्यात हर्णैहून बायकोचा, शहनाझचा फोन आला.

“तुमचा आज सव्विसावा रोजा ना? आमचा पंचविसावाच. आमचा चांद मेला कायम एक दिवस मागे,” ती हसली. “तिकडची ईद करून निघा, इकडे दुसरी करा!”

ही थट्टा दरवर्षीची. नूरुद्दीनही हसला, आणि हसता हसता त्याची नजर समोरच्या जबाबावर गेली. वासिफने जबाबात तारीख लिहिलीच नव्हती. लिहिलं होतं, सत्ताविसाव्या रोज्याला. त्याची इंग्रजी तारीख काढली होती नूरुद्दीनने, इथल्या कॅलेंडरवरून. आणि पाकिस्तानचा चांदही इथल्यापेक्षा एक दिवस मागेच.

या अल्ला! चूक कबूल केली तर हातातला भाषांतरकाराचा शिक्का जाणार. शिक्का गेला की नोकरी, नोकरी गेली की त्याचाही व्हिसा. न बोलला तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. त्याने कीबोर्ड पुढे ओढला. ‘मी, नूरुद्दीन मुकादम, शपथेवर सांगतो की तारखेची चूक वासिफची नाही, माझी आहे.’ त्याने सही केली, शिक्का मारला, कागद माहनूरपुढे ठेवला आणि अडखळत सगळं सांगून टाकलं. आता शिव्या खायच्या, एवढंच उरलं होतं.

माहनूरने कागद दोनदा वाचला. मग ती खुर्चीत बसली.

“चार-चार ठिकाणी नकार आला, चाचा. तो खोटं बोलतोय असं मलाही वाटायला लागलं होतं,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली, तो भावाचं बोलायला लागला की मी फोन ठेवून देते.”

तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला.

“वासिफ, त्या दिवसाचं परत सांग. सगळं सांग. आज मी ऐकते.”