आठ नंबरचा फ्रॉक

“येत नाही ती. तापाने फणफणलीय,” फोटोग्राफरने फोन ठेवत सांगितलं आणि सगळ्यांच्या माना टेपमास्तरकडे वळल्या.

टेपमास्तर म्हणजे लहान मुलांच्या कपड्यांचा स्टायलिस्ट. कुठल्या पोराला कुठला रंग, कशावर कुठले बूट, बाही किती दुमडायची, हे सगळं तो ठरवायचा. गंमत म्हणजे टेप तो कधी हातात धरतच नसे. पोर दारातून आत आलं की लांबूनच सांगायचा, “सहा नंबर. खांदे जरा उतरते आहेत.” आणि अगदी तसंच निघायचं. म्हणून तर चिडवायला हे नाव पडलं होतं. त्यालाही ते मनातून आवडायचं.

आज एका मोठ्या कंपनीच्या कॅटलॉगचे फोटो होते. कंपनीच्या मॅडम स्वतः खुर्ची टाकून बसल्या होत्या. काम पसंत पडलं, तर वर्षभराचे सगळे कॅटलॉग त्याला मिळणार होते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली टाचण्या टोचल्या, तेव्हा कुठे हा दिवस उगवला होता. आणि आता मुख्य पानावरचा निळा फ्रॉक हँगरला लटकलेला, अन् तो घालणारी पोर घरी अंथरुणात.

“मग आता? दुसरी कोणी आहे का?” मॅडमनी विचारलं.

“आहे ना. माझी मुलगीच आहे,” तो म्हणाला. “आठ नंबर. डोळे झाकून बसेल.”

त्याची खात्री उगीच नव्हती. फोटोसाठी कंपन्या नमुन्याचे कपडे शिवतात ते एकाच मापात. मुलींचे बहुतेक आठ नंबरचे. काम संपलं की त्यातला एखादा त्याला मिळायचा आणि तो लेकीसाठी घरी न्यायचा. लेक आतल्या खोलीत जाऊन फ्रॉक घालायची आणि बाहेर येऊन त्याच्यापुढे उभी राहायची. तो सोफ्यावर पाय पसरून म्हणायचा, “फिट्ट! जशी काही तुझ्यासाठीच शिवलाय, पिटुकले.” की झाला दिवसभराचा शीण नाहीसा. बायको मधूनमधून म्हणायची, “अरे, पोरगी वाढतेय.” त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. “मला सांगतेस? पोरांच्या मापांवर तर पोट आहे माझं!” मग ती शाळेचे कपडे आपले आपण आणायची.

बायकोने लेकीला आणून सोडलं आणि ती आपल्या ऑफिसला पळाली. पिटुकली फ्रॉक आणि आपली पिशवी घेऊन पडद्यामागे गेली. मदतीला गेलेल्या मेकअपवालीला तिने परत पाठवलं. “माझं मी घालते. मला येतं.”

ती बाहेर आली आणि मॅडम खुर्चीतून उठल्याच. गळा, कंबर, घेर, सगळं जिथल्या तिथे.

“अहो, कुठे लपवून ठेवली होतीत हिला? आणि मास्तर, तुमच्या नजरेला मानलं बुवा!”

टेपमास्तरचा जीव भांड्यात पडला. आता फक्त मागून दोन क्लिपा लावायच्या राहिल्या होत्या. कपडा कितीही नीट बसो, पाठीवर चिमटीत धरून क्लिप लावायची, म्हणजे समोर एकही सुरकुती राहत नाही. तो क्लिपा घेऊन लेकीच्या मागे गेला. ती त्याच्याबरोबर वळली. तो पुन्हा मागे गेला. ती पुन्हा वळली.

“अगं, भोवरा झालीस का? उभी राहा नीट!”

“नको ना बाबा. बरोबर बसलाय.”

त्याने हसत तिचे खांदे धरले आणि तिला फिरवलं.

क्लिप लावायला पाठीवर कापडच नव्हतं. चेन कमरेपर्यंत उघडी होती. दोन काठांमध्ये चांगलं वीतभर अंतर, मधून पांढरा शमीज दिसत होता. वर मानेशी दोन सेफ्टी पिना आणि त्यांत अडकवलेला आईचा केसांचा रबर. वापरून वापरून तो पार सैल पडला होता. टेपमास्तरच्या कानशिलांपर्यंत लाज चढली.

“काय झालं?” मॅडम जवळ आल्या. त्यांनी पाठ पाहिली आणि हसल्या. “एवढंच ना? अहो, मागचं कोण बघतंय फोटोत? घ्या, घ्या, उरकून टाका.”

हे वाक्य तो स्वतःच कितीदा तरी म्हणाला होता. पण पिनेशेजारी लेकीच्या मानेवर लाल वळ उठला होता. त्याने हलक्या हाताने रबर सोडवला.

“नको मॅडम. हिला हा होत नाही,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “माझं माप चुकलं.”

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी पर्समधून फोन काढला आणि त्या बाजूला गेल्या. लेकीला वाटलं, आपल्यामुळेच बाबाचं काम गेलं. तिचे डोळे भरून आले.

तो गुडघ्यांवर बसला. आपलं जाकीट त्याने तिच्या पाठीवर टाकलं. “रडू नको गं. तुझं काही चुकलं नाही. चुकतं एखाद्या वेळेस माणसाचं.”

“एखाद्या वेळेस नाही बाबा,” ती नाक पुसत म्हणाली. “घरी पण मी सगळे फ्रॉक असेच घालते. तू समोरूनच बघतोस ना.”