अंगणावरचा झोत

"किल्लीवर घेऊ, का डायरेक्ट बॅटरीवर?" जीपच्या बॉनेटखाली डोकं घालून आकारामने विचारलं.

"डायरेक्ट," जयराज म्हणाला.

आकारामने डोकं बाहेर काढलं. कडेगावच्या स्टँडमागे त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. जादा दिवे बसवून घेणारे त्याने रग्गड पाहिले होते. निम्म्यांना ते रस्त्यासाठी हवे असतात, निम्म्यांना गावाने बघावं म्हणून. पण गाडी बंद ठेवून दिवे लावायचे म्हणणारा हा पहिलाच.

"बॅटरी उतरंल की रं गड्या."

"मग मोठी बसीव. तासभर टिकली म्हंजे झालं."

आकारामने मोठी बॅटरी बसवली. तिच्यापासून बंपरवरच्या चार दिव्यांपर्यंत जाड वायर ओढली, मध्ये फ्यूज टाकला, रिले टाकला आणि बटण जयराजच्या हाताशी आणून दिलं. काम चोख झालं. दिवे कुणाच्या तोंडावर पडणार, हे काही त्याने विचारलं नाही.

ते पडणार होते थोरल्या भावाच्या, धैर्यशीलच्या, अंगणात.

वाटणी झाली तेव्हा जयराजला ओढ्यापलीकडचा ऊस आला आणि तिकडे जायची वाट धैर्यशीलच्या रानात गेली. धैर्यशीलने वाटेवर तारेचं कुंपण घातलं. पंच बसले. त्यांनी आईला, शालूबाईला विचारलं. ती म्हणाली, "वाट थोरल्याचीच हाय." झालं. जयराजने सगळ्यांदेखत देवाचा भंडारा उचलला. वाट सुटत नाही तोवर या अंगणात पाय ठेवणार नाही, आईशी बोलणार नाही. रागात माणूस काय उचलेल याचा नेम नसतो, आणि भंडारा उचलला की चारचौघांत मागे हटता येत नाही. मग ओढ्याच्या चिखलातून रानात जायला त्याने चारी चाकं ओढणारी जुनी जीप घेतली. त्याला दोन पावसाळे उलटले. बायको, समीक्षा, त्या घरातलं काही सांगायला लागली की तो भरल्या ताटावरून उठायचा. शेवटी तिनेही सांगणं सोडून दिलं.

आता रोज दिवेलागणीला तो बांधावर जीप आणून लावू लागला. जीपचं तोंड भावाच्या अंगणाकडे करायचा, इंजिन बंद करायचा आणि बटण दाबायचा. अंगणात भर दुपार व्हायची. म्हशी बुजायच्या, कुत्रं भुंकून भुंकून दमायचं. नाक दाबलं की तोंड उघडतं, असं त्याने मनाशी धरलं होतं. आज ना उद्या थोरला शिव्या देत बाहेर येईल आणि वाटेचं बोलणं निघेल.

थोरला बाहेर आला खरा, पण शिव्या देत नाही. त्याने अंगणात मधोमध एक खुर्ची ठेवली. आईला हाताला धरून आणलं, तिचं तोंड जीपकडे करून तिला बसवलं आणि जीपकडे ढुंकूनही न बघता तो आत गेला. पुढे रोज तेच.

जयराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईला पुढं करतोय! म्हातारीच्या आड लपणारा हा भाऊ, आणि आईही काही कमी नव्हती. एवढ्या झोतात ती डोळ्यांवर हातसुद्धा धरत नव्हती. पंचांपुढे बसली होती तशीच ताठ बसायची, टक लावून बघायची, ताटसुद्धा तिथंच मांडीवर घ्यायची. "बघू कवर बसतीस," जयराज दात खाऊन म्हणाला. त्याने पाना आणून दिव्यांची तोंडं नेमकी खुर्चीवर धरली. पोटच्या पोराने करावं असं हे काम नव्हतं. त्याला ते कळत होतं. म्हणून तर तो गाडीच्या काचा वर करून बसायचा.

एके दिवशी उसाला तोड आली होती. रानातून निघायला त्याला उशीर झाला. जीप लावून बटण दाबतोय तोच भावजय, संयोगिता, झपाझप बांधावर आली. आले वठणीवर, असं म्हणत त्याने काच खाली घेतली.

"भावजी, जरा येळेवर लावत जावा दिवं," ती म्हणाली. "आत्याबाई थांबत्यात. दिवं लागल्याबिगर घास घेत न्हाईत."

"का? दिव्याबिगर घास दिसत न्हाई व्हय?"

"न्हाईच दिसत." संयोगिता चिडली नाही, हेच वाईट होतं. "काचबिंदूनं डोळं गेलं त्यांचं. दिवाळीपास्न. फकस्त उजेड कळतोय. ह्यांनी सांगून ठेवलंय, जयराज रोज तुला बघाय येतोय म्हणून. वाटंचं काय ते तुमी भाऊ-भाऊ बघा. आमचे हे वाट सोडायचे न्हाईत. पर तेवढं येळेवर येत जावा."

जयराजने समोर बघितलं. चारही दिव्यांचा झोत आईच्या उघड्या डोळ्यांत जात होता. ती पदर सारखा करत होती, चेहरा अगदी झोतात येईल असा वर धरत होती. त्याला ते बघवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने चटकन बटण बंद केलं.

अंधारातून आईचा आवाज आला, "संयोगिता, गेला व्हय गं जयराज? आजबी खाली उतरला न्हाई."