रिकामा रकाना

चंद्रपूरच्या त्या छोट्या ऑफिसात दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडे होते. सर्पदंशाचं इंजेक्शन कुठल्या आरोग्य केंद्रात आहे, हे गावकऱ्यांना मोबाइलवर सांगणारं ॲप तहसीनने जावा या संगणकभाषेत, स्प्रिंग ही तयार चौकट वापरून बनवलं होतं. प्रफुलने तेच पायथनमध्ये, जँगोवर. तहसीनचं दोन महिन्यांपासून गावांत चालू होतं. प्रफुलचं तयार होऊन आठवडाच झाला होता. आज एक कायम करायचं होतं. आरमोरीकडच्या एका केंद्रातल्या सिस्टर मयुरी मुद्दाम बघायला आल्या होत्या.

"हजार लोकं एकदम आले तरी जावा दबत नाई," तहसीन म्हणाली.

"मी जँगोत चार दिवसांत केलं. तुले स्प्रिंगमध्ये महिना लागला," प्रफुल हसला.

मग दोन्हींत मागच्या महिन्यातल्या एका दिवसाची तीच माहिती टाकली आणि मयुरीचं केंद्र शोधलं. तहसीनच्या पडद्यावर आलं, साठा शून्य. प्रफुलच्या पडद्यावर, माहिती मिळाली नाही.

"शून्य कसं?" मयुरी पुढे झुकल्या. "बारा इंजेक्शनं होते. चार दिवस नेटवर्क नव्हतं, म्हणून आकडा भरता आला नाई. रकाना रिकामा होता."

तहसीनने कोड उघडला. एका ओळीवर ती थांबली.

"पायथननं रिकाम्याले रिकामंच ठेवलं," प्रफुल हळू आवाजात म्हणाला. "जावात साधा आकडा घेतला की तिथं आपोआप शून्य बसते."

"जावाचा दोष नाई. रिकामं ठेवायची सोय त्यातबी हाय. मीच ठेवली नाई."

मयुरी पडद्यावरची तारीख बघत होत्या. "सोळा," त्या म्हणाल्या. "आमच्या मुखरूभाऊले धानाच्या बांधीत साप चावला तो दिवस. घरच्यांनी मोबाइलवर शून्य पाहून गाडी सरळ गडचिरोलीले नेली. पोचायच्या आधीच गेले ते."

प्रफुलने तहसीनचा लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि गावांतलं ॲप बंद केलं.

"तुमचं केंद्र वाटेत लागते?" तहसीनने विचारलं.

"रस्त्यालेच लागून हाय. मी ओट्यावर उभी होती. मुखरूभाऊ गाडीत खिडकीशी बसले होते. ओळखीचे म्हणून मी हात दाखवला. त्यायनंबी दाखवला."