उजव्या डोळ्याचा ठिपका

"फाटलाय," गिऱ्हाईक म्हणालं. "ठिपका कसला, द्राक्षांचा घोस दिसतोय."

ग्रेटा हाल्वरसनने मोबाइल रायफलवर बसवायच्या, नेमाचा लाल ठिपका दाखवणाऱ्या साईटच्या काचेमागे धरला, फोटो काढला आणि त्याच्यापुढे केला. फोटोत लाल ठिपका मोहरीच्या दाण्यासारखा गोल होता.

"काच चोख आहे," ती म्हणाली. "बाबा म्हणायचे, ठिपका फाटला तर आधी डोळ्याला विचारावं, मग काचेला."

"डोळ्याला काय विचारणार? तो नवा आहे. टाके काढून वर्ष झालं, अजून रुळतोय."

ग्रेटाने मान डोलावली. तालुक्यातले निम्मे म्हातारे डोळ्याचं ऑपरेशन करून घेऊन मगच नवी साईट मागायला यायचे. हा म्हातारा नव्हता इतकंच. ऑरिन केसल, पन्नाशी नुकती उलटलेली, पूर्वेकडचा गुरंवाला. सकाळी बंदुकांचं दुकान उघडायच्या आधीपासून दारात उभा होता. रायफल गाडीत ठेवून आला होता. आधी साईट आणि भिंग ठरवू, मग रायफल आत आणू, असं त्याचं म्हणणं.

त्याची अडचण त्याने आल्या आल्याच सांगून टाकली होती. आठ दिवसांत गाई विणायला लागतील. वासरू जमिनीवर पडलं की कोल्ह्यांसारखे कोयोट येतात. चार वर्षं त्याच्या डोळ्यांनी दगा दिला होता आणि राखण त्याची बायको नदीन करत होती. आता तिचे गुडघे गेले. यंदा राखणीला तो उभा राहिला तर ठीक, नाहीतर सगळा कळप बाजारात, असं तिने बजावलं होतं.

"ती म्हणते, तुला गोठ्याचं दार दिसत नाही, कोयोट काय दिसणार? कोयोटच तुला हाताला धरून घरी आणून सोडेल."

ग्रेटा हसली. या दुकानात हसून तिला बरेच दिवस झाले होते.

तिने साधी साईट बाजूला ठेवली आणि लाकडी ठोकळ्यावर होलोग्राफिक चढवली. हिच्यात ठिपक्याभोवती एक मोठं कडं दिसतं. बॅटरी भराभर संपते, हे तिने आधीच सांगून टाकलं. ऑरिनने डावा डोळा मिटला आणि उघड्या दारातून रस्त्यापलीकडच्या धान्याच्या कोठारावर नेम धरला. ठोकळा थोडा इकडे, थोडा तिकडे केला.

"बारीकशी शेपटी आहे," शेवटी तो म्हणाला. "पण ठिपका एकच आहे."

मग साईटमागे लावायच्या भिंगाची पाळी आली. पाचपट मोठं दाखवणारं भिंग त्याला आधी आवडलं, पण डोळा केसभर हलला की सगळं काळं व्हायचं. पळत्या कोयोटमागे हे चालणार नाही, ग्रेटा म्हणाली. तिने तिप्पटीचं लावून दिलं. लांबचं बघायचं तेव्हा डोळ्यापुढे घ्यायचं, जनावर अंगावर आलं की बोटाने बाजूला पाडायचं. ऑरिनने ते दहा वेळा पुढे घेतलं, दहा वेळा पाडलं. मग ठोकळ्यावरून काढून सुटं भिंगच डोळ्याला लावलं आणि दुकानभर फिरवलं. भिंतीवरचं हरणाचं डोकं, बुटांची रांग असं करत मागच्या दाराशी खोकी उचलणाऱ्या ग्रेटावर येऊन ते थांबलं.

"काय बघताय?"

"लांबचं जवळ येतं का, ते."

तिला त्याचा कंटाळा आला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. गेल्याच्या गेल्या मार्चमध्ये वडील गेले, तेव्हापासून येणारा प्रत्येक जण आधी टोपी काढायचा, एनार किती भला माणूस होता ते सांगायचा, आणि मग काडतुसं मागायचा. ती नुसती उभी राहायची. हॉस्पिटलातही ती अशीच व्हरांड्यात उभी राहिली होती. फोन, कागद, सगळं तिचा भाऊ सोरेन बघत होता आणि तिने त्याला कधी काही विचारलं नव्हतं. या माणसाने वडिलांचं नावही काढलं नव्हतं. त्याबद्दल ती मनातल्या मनात त्याची ऋणी होती.

साईट आणि भिंग रायफलवर चढवून ती त्याला मागच्या आवारात घेऊन गेली. मातीच्या बांधाला टेकवून तिने पुठ्ठा उभा केला आणि परत येऊन त्याच्या मागे थांबली. पहिल्या तीन गोळ्यांचा नेम डावीकडे गेला. तिने साईटचा स्क्रू दोन घरं फिरवला. पुढच्या पाचही गोळ्या एका बशीत मावतील अशा बसल्या.

ऑरिनने रायफल रिकामी करून खाली ठेवली. पुठ्ठ्याकडे बघत त्याने बाहीने तोंड पुसलं.

"कळप राहिला," तो म्हणाला.

"नदीनबाईंना आता दुसरं काहीतरी शोधावं लागेल बोलायला."

"तिला शोधावं लागत नाही."

तो आभार मानू लागला तेव्हा ग्रेटाने हात झटकला. साईट निवडणं हा दुकानाचा रोजचा धंदा. आभार मानायचे तर डॉक्टरांचे माना, ती म्हणाली, त्यांनी काम छान केलंय.

"त्यांचे मानून झाले." ऑरिन रायफलचा पट्टा उगाच सरळ करत राहिला. "ही साईट माइल्स सिटीतही मिळते. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर."

"आणि तुम्ही चार तास गाडी हाकत इथे आलात?"

"तुमच्या भावानं पत्ता दिला." त्याने टोपी काढली आणि तो उजेडाकडे तोंड करून, तिच्या अगदी समोर उभा राहिला. "उजव्या डोळ्यातलं बुबुळ तुमच्या वडिलांचं आहे. म्हटलं, एकदा त्याला त्याची लेक दाखवून आणावी."